कोलमन यांच्या पेपरमधली दुर्लक्षित जोडी

डग्लस कोलमन यांचे प्रयोग सगळ्यांना एकाच गोष्टीसाठी आठवतात. डीबी नावाचा जन्मजात लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला शिवून जोडला, दोघांचं रक्त थोडं थोडं मिसळू लागलं, आणि निरोगी उंदीर खाणं सोडून उपाशी मेला. ओबी या दुसऱ्या लठ्ठ जातीचंही डीबीशी जोडल्यावर तेच झालं. डीबी मात्र खातच राहिला.

पण एवढ्यावरून ‘डीबीच्या रक्तात विष असेल’ असंही म्हणता आलं असतं ना? खरा पुरावा मला तिसऱ्या जोडीत दिसतो. ओबी निरोगी उंदराला जोडला, तेव्हा तो फक्त कमी खाऊ लागला, वजनवाढ मंदावली. म्हणजे तो घटक निरोगी रक्तातही असतो. ओबीला तो बनवता येत नाही, डीबीला तो ओळखता येत नाही. घटक हाती नसताना काढलेला हा निष्कर्ष १९९४ मध्ये फ्रीडमन यांच्या गटाला ओबी जनुक सापडल्यावर खरा ठरला. तो घटक म्हणजे लेप्टिन.

‘तृप्ती-घटक’ हा शब्द मात्र खटकतो. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, तरी भूक हटत नाही. ते घटलं की शरीराला उपासमार कळते, हे जास्त पटतं. उंदीर जेवत नाही एवढं बघून ते नाव पडलं होतं.