अनियतकालिकाला रकाना नाही

समीक्षक कविता वाचतात. मी हल्ली कायदे वाचतोय. कायदा हाही मजकूरच. कोणाला आत घ्यायचं अन् कोणाला वेशीबाहेर ठेवायचं, ते त्यातला एखादा शब्द ठरवतो.

आपल्या अंकाचा गठ्ठा घेऊन पोस्टाच्या खिडकीवर उभा होतो. बाबूनं विचारलं, "पुस्तक का मासिक?" म्हटलं, "अनियतकालिक." तो म्हणाला, "तसला रकाना नाही." बाबू खोटं बोलत नव्हता.

1898 चा पोस्टाचा कायदा घ्या. त्याच्या कलम 9 नं सांगितलं, वृत्तपत्र म्हणजे काय. त्यात बातम्या किंवा चालू विषयांवरचा मजकूर हवा, दोन अंकांत 31 दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, वर्गणीदारांची खरी यादी हवी. अशी नोंद झाली की सवलत. जुन्या दरपत्रकात साध्या पत्राला 20 ग्रॅमला 5 रुपये, अन् नोंदलेल्या वृत्तपत्राला 50 ग्रॅमपर्यंत 25 पैसे. या सवलतीनं खेड्यापाड्यात पेपर गेला, हे मी नाकारत नाही. पण 31 दिवसांची शिस्त कोणाला परवडते? ज्याच्याकडं कागदाला पैसा आहे त्याला. आमचा अंक पगार झाल्यावर निघतो, तोही उसनवारी फिटली तर. बाबासाहेबांचं 'बहिष्कृत भारत' 1927 साली निघालं, 1929 साली थांबलं. त्यांच्याकडं मजकूर कमी नव्हता, पैसा कमी होता.

मग 2023 चा कायदा आला, 18 जून 2024 पासून लागू झाला. गोऱ्या साहेबाचा कायदा गेला म्हणून आशेनं वाचला. इथंही कलम 9 आहे. पण त्यात वृत्तपत्र नाही. त्यात राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी टपाल अडवायचा, उघडायचा अधिकार आहे. असा अधिकार जुन्यातही होता. कलम 10 म्हणतं, नियमांत ठरेल तेवढी सोडून सेवेची जबाबदारी पोस्टावर नाही. म्हणजे अंक अडवायचं कलम आहे, अंक पोचलाच पाहिजे असं सांगणारं कलम नाही.

डिसेंबर 2024 मध्ये पुस्तकांची रजिस्टर बुकपोस्ट बंद झाली. 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' आली, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये. पण ठराविक काळानं निघणारं प्रकाशन त्यात चालत नाही. आमच्या मुखपृष्ठावर 'अंक सातवा' दिसला अन् बाबूनं मान हलवली. वेळेवर निघत नाही म्हणून आम्ही वृत्तपत्र नाही, अन् अंकाला नंबर आहे म्हणून पुस्तक नाही. दोन्ही वाड्यांच्या बाहेर उभं राहायची आपल्याला सवय आहेच, आता आपल्या कागदालाही लागली.

पोस्टमनवर माझा राग नाही. ग्रामीण डाकसेवक उन्हातान्हात टपाल वाटतो अन् सरकार त्याला नियमित नोकर मानत नाही. तोही आपल्यासारखाच रकान्याबाहेरचा.

मागणी साधी आहे. तारीख विचारू नका. वाचकांची यादी बघा, नफा होतो का ते बघा, अन् त्या दरपत्रकात एक शब्द घाला : अनियतकालिक. भीक नको. शहरातल्या पेपराला जो दर मिळाला, तोच वस्तीतल्या कवितेला द्या. तोवर, मित्रांनो, अंक हातोहात पोचवा.