सरकारी गाथा आणि दिंडीचे वीस हजार

२०२४ च्या आषाढी वारीला शासनाने १,५०० दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये जाहीर केले. काहींनी घेतले, काहींनी हात जोडून नको म्हटले. वारी ही महाराष्ट्राची ओळख, म्हणून राज्याने ती जपावी, असे घेणाऱ्यांकडून ऐकू येते. सरकारचा पैसा मुळातच विटाळ, असे मी म्हणणार नाही. तुकोबारायांची सरकारी गाथा उघडून पाहा.

१८६९ साली इंग्रजांच्या मुंबई सरकारने तिच्या छपाईला २४,००० रुपये दिले. विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथल्या वह्या ताडून पाहिल्या, पाठभेद तळाशी नोंदवले. विष्णुशास्त्री विधवाविवाहाचे कडवे पुरस्कर्ते. पण त्यांचे मत अभंगात शिरल्याचे मला कुठे आढळले नाही. दोष आहेतच. तुकोबांचे चरित्र इंग्रजीत छापले! टाळकऱ्याने ते कसे वाचावे? क्रमही फडावरच्या गाथांहून निराळा, त्यामुळे ऐन कीर्तनात प्रमाण हाती लागत नाही. तरी पाठ अडला की आम्ही तिच्याकडेच जातो. १९५० साली स्वराज्यातल्या सरकारने ती पु. मं. लाडांच्या प्रस्तावनेसह पुन्हा काढली, तेव्हाही हीच गाथा गा, असा हुकूम कोणत्या फडाला आला नाही. जोगमहाराजांची गाथा, देहूची गाथा, ज्याची त्याच्या हाती राहिली.

तो पैसा पोथीपाशी थांबला. वीस हजार मात्र विणेकऱ्याच्या दारात येतात. यादीत नाव हवे, पुढल्या वर्षीही हवे. मग देणाऱ्याला न रुचणारा दृष्टांत आपोआप गळतो. कोणी सांगावे लागत नाही. बिदागीने हेच होते, ते फडावर सर्वांना ठाऊक आहे. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत संस्था काढली, तिथली मुले माधुकरीवर शिकली, ती उगीच नव्हे.

कोणी म्हणेल, माउलींपुढे अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व चालतो, तो राजाश्रयच ना? खरे आहे. पण अश्व रिंगणात धावतो. कोणत्या दिंडीने काय म्हणावे, हे तो सांगत नाही.

पाणी, शौचालये, दवाखाना द्या. तो रस्त्याने चालणाऱ्या कोणाचाही हक्क आहे. दिंडीचे वीस हजार ठेवा, आणि गाथा पुन्हा छापा: स्वस्त, मोठ्या टाइपात, पाठभेद न गाळता. चरित्र तेवढे मराठीत घाला.