शेठला माहीत नव्हतं, की शेठचा भरवसा नव्हता?

अर्थशास्त्र किंवा मॅनेजमेंट शिकत असाल, तर एक पेपर कधी ना कधी तुमच्या पुढ्यात येतोच: 'डझ मॅनेजमेंट मॅटर? एव्हिडन्स फ्रॉम इंडिया'. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्राजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या पाच जणांचा हा पेपर २०१३ साली 'क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आला. 'चांगल्या व्यवस्थापनाने कारखान्याची उत्पादकता वाढते का?' या प्रश्नाला प्रयोगातून मिळालेलं उत्तर म्हणून तो जगभर शिकवला जातो.

शीर्षकातला 'इंडिया' मात्र प्रत्यक्षात दोन औद्योगिक गावांपुरता आहे. एक तारापूर आणि दुसरं राज्याची हद्द ओलांडल्यावर लगेच लागणारं उंबरगाव. विरारच्या पुढे डहाणूकडे लोकलने गेला असाल, तर बोईसर स्टेशन तुम्ही पाहिलंय. तारापूर एमआयडीसी तिथूनच जवळ. आपल्यातल्या कित्येकांचे नातेवाईक त्या पट्ट्यात पाळ्या करून निवृत्त झाले असतील. म्हणून हा पेपर आपण जरा जास्त बारकाईने वाचावा असं मला वाटतं.

पॉडकास्टवर बोलताना वेळ आकड्यांतच जातो. इथे मला आकड्यांपलीकडचं लिहायचंय, कारण माझा आक्षेप आकड्यांवर नाहीच. आक्षेप आहे तो त्या आकड्यांच्या स्पष्टीकरणावर.

आधी प्रयोग काय होता ते बघू. सुती कापड विणणाऱ्या, सरासरी सुमारे २७० कामगार असलेल्या कंपन्या निवडल्या. निकषात बसणाऱ्या ६६ कंपन्यांशी संपर्क साधला, त्यातल्या ३४ कंपन्यांनी रस दाखवला आणि शेवटी १७ तयार झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. ११ कंपन्यांच्या कारखान्यांत एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसं पाच महिने राबली: एक महिना तपासणी आणि चार महिने प्रत्यक्ष अंमलबजावणी. उरलेल्या ६ कंपन्यांना फक्त एक महिन्याची तपासणी मिळाली. सगळं फुकट.

सल्ला काय होता? एकूण ३८ पद्धतींची यादी होती, आणि त्यात अगम्य असं काहीच नव्हतं. माग बंद पडला तर का पडला, किती वेळ पडला, ते लिहून ठेवा. कापडात दोष आला तर कोणत्या प्रकारचा, कोणत्या मागावरचा, त्याची नोंद करा आणि रोज त्यावर बसून बोला. सुताच्या गोदामात काय आहे आणि किती आहे याचा हिशेब ठेवा. सुटे भाग नावं लावून मांडा. पेपरमध्ये सल्ल्याआधीचे फोटो आहेत: कचरा साचलेल्या वाटा, विस्कटलेली हत्यारं, ओल लागेल अशा जागी रचलेलं सूत.

पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष कमी झाले, साठा कमी झाला. तीन वर्षांत सल्ला मिळालेल्या कंपन्यांनी नवे कारखानेही जास्त उघडले.

१७ कंपन्या म्हणजे फारच थोड्या, असं तुम्ही म्हणाल. ते लेखकांनाही ठाऊक आहे. एवढ्या लहान नमुन्यावर नेहमीची स्टँडर्ड एरर लावणं धोक्याचं, म्हणून त्यांनी वेगळी चाचणीही केली. १७ मधून ११ कंपन्या निवडण्याचे एकूण १२,३७६ मार्ग आहेत. समजा सल्ल्याचा शून्य परिणाम झाला. मग कोणत्याही ११ कंपन्यांना 'सल्ला मिळाला' असं लेबल लावलं तरी साधारण तसाच फरक दिसायला हवा. तर सगळी लेबलं लावून बघायची आणि खरा फरक त्या गर्दीत कुठे उभा राहतो ते पाहायचं. कल्पना साधी आहे आणि प्रामाणिक आहे. शिवाय हा डेटा कारखान्यातून आठवड्या-आठवड्याने गोळा केलेला. कुणाच्या वार्षिक ताळेबंदातून उचललेला नाही. डेटावर काम करणाऱ्याने इथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

मग माझी तक्रार कुठे आहे? पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात. या गोष्टी इतक्या फायद्याच्या होत्या, तर शेठ लोकांनी त्या आधीच का केल्या नाहीत? पेपरचं उत्तर असं: मुख्यतः माहितीचा अभाव. काही पद्धती त्यांनी ऐकलेल्याच नव्हत्या. काही ऐकल्या होत्या, पण 'आपल्याकडे त्याचा उपयोग नाही' असं त्यांचं मत होतं. या दुसऱ्या प्रकाराला पेपर 'चुकीची माहिती' म्हणतो.

इथे थांबा आणि ही वर्गवारी कशी झाली ते बघा. सल्लागार कारखान्यात मालकांशी, मॅनेजरांशी बोलायचे आणि एखादी पद्धत का स्वीकारली गेली नाही याचं कारण ठरलेल्या पायऱ्यांनुसार नोंदवायचे. म्हणजे माहिती पुरवायला आलेल्या माणसानेच 'इथे माहितीची कमतरता आहे' असं निदान केलं. यात कुणाची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण वैद्याला आपल्या पोतडीत औषध असलेला रोग जरा लवकर दिसतो, एवढं आपल्या घरचंच शहाणपण आहे. आणि 'चुकीची माहिती' या रकान्यात जे बसवलं, ते खरं तर मालक आणि सल्लागार यांच्यातलं मतभेदाचं प्रकरण आहे. कुणाचं मत बरोबर, हे रकान्याच्या नावातच ठरवून टाकलंय.

मालकाचं मत बरोबर असण्याची शक्यता होती का? होती, आणि तिचा पुरावा याच पेपरमध्ये आहे. कंपनी किती मोठी आहे याचा सर्वांत जास्त संबंध कशाशी लागला, माहितीये? व्यवस्थापनाच्या पद्धतींशी नाही. मालकाच्या कुटुंबात पुरुष किती, याच्याशी! कारण महत्त्वाचे निर्णय घराबाहेरच्या माणसाकडे सोपवायचे नाहीत, ही तिथली रीत. बाहेरच्या मॅनेजरने चोरी केली तर कोर्टात वर्षानुवर्षं जाणार, ही भीती. मुलगे, भाऊ, पुतणे जितके, तितके कारखाने. (मुली आणि सुना या हिशेबात का नाहीत, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

लेखकांनी या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. पद्धती स्वीकारल्या का गेल्या नाहीत? माहिती नव्हती म्हणून. वाईट चालवलेल्या कंपन्या बंद का पडल्या नाहीत? चांगल्या कंपन्यांकडे विस्ताराला भरवशाची माणसं नव्हती, त्यामुळे स्पर्धेचा रेटा आला नाही म्हणून. कागदावर ही विभागणी नीटनेटकी दिसते. कारखान्यात ती टिकत नाही.

माग बंद पडल्याची नोंदवही घ्या. वही लिहून काही होत नाही. ती कुणीतरी वाचावी लागते, 'चार नंबरचा माग दर मंगळवारी का अडतो' हे विचारावं लागतं आणि उत्तर मिळाल्यावर खर्चाचा निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय मॅनेजर घेऊ शकत नसेल, तर वही शेठच्या टेबलावर जाणार. शेठ एकटा, बँक, दलाल, सुताचा व्यापारी, सगळं तोच बघणार. अशा घरात 'वही ठेवून आपल्याला काही फायदा नाही' हे मत अज्ञानातून आलेलं असेलच असं नाही. हाताशी किती माणसं आहेत हे ओळखून केलेला तो हिशेबही असू शकतो. पाच महिने सल्लागार फुकट येऊन बसले, तेव्हा नेमकी ही अडचणच तात्पुरती दूर झाली: वही वाचणारा, प्रश्न विचारणारा, पाठपुरावा करणारा एक भरवशाचा माणूस मिळाला. मग १७ टक्के वाढ माहितीची म्हणायची, की त्या माणसाची?

या प्रश्नाची परीक्षा पुढे आपोआपच झाली. त्याचं श्रेय लेखकांनाच जातं, कारण नऊ वर्षांनी आपल्या प्रयोगाच्या जागी परत जाणारे अर्थशास्त्रज्ञ विरळाच. आयफर्ट वगळता उरलेले चौघे २०१७ मध्ये त्याच कारखान्यांत गेले; तो पेपर २०२० साली 'अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल: अप्लाइड इकॉनॉमिक्स'मध्ये आला. काय दिसलं? प्रयोगातल्या कारखान्यांनी स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. तरीही सल्ला न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा ते बरेच पुढे होते, हेही तितकंच खरं. पद्धती एकाच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत पसरल्या होत्या, पण एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत फारशा गेल्या नव्हत्या. आणि पद्धती सुटण्याची सर्वाधिक सांगितली गेलेली कारणं दोन: मॅनेजर सोडून गेला आणि मालकाला वेळ नव्हता.

आता विचार करा. अडचण निव्वळ माहितीची असती, तर एकदा मिळालेली माहिती मॅनेजरबरोबर गेटबाहेर कशी गेली? शेठ तर तोच होता. मला यातून असं दिसतं की पेपर ज्याला 'माहिती' म्हणतो, ती खरं तर एक रोजची सवय आहे. ती माणसांच्या अंगी असते, आणि त्या माणसांना अधिकार आणि टिकून राहायचं कारण मिळालं तरच ती टिकते. एका मालकाच्या कारखान्यांत ती पसरली, कारण तिथे भरवशाचं वर्तुळ एकच होतं. शेजारच्या कंपनीत गेली नाही, कारण तिथे ते वर्तुळ संपत होतं.

कापड गिरण्यांवरच्या संशोधनात हे वळण नवं नाही. १९८७ साली ग्रेगरी क्लार्क यांनी १९१० च्या सुमाराच्या जगभरच्या सूतगिरण्यांची तुलना केली. न्यू इंग्लंडमधला एक कामगार जवळजवळ सहा भारतीय, चिनी, जपानी किंवा ग्रीक कामगारांइतकं काम करतो, असं त्यांना आढळलं. यंत्रं, व्यवस्थापन, प्रशिक्षण यांनी हा फरक समजावता येत नाही, असं म्हणून त्यांनी बोट ठेवलं ते स्थानिक संस्कृतीवर. म्हणजे तेव्हा खोट कामगाराच्या संस्कृतीत निघाली, २०१३ मध्ये ती मालकाच्या अज्ञानात निघाली. याउलट राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या गिरण्यांबद्दल वेगळा युक्तिवाद केला. बदली कामगार ठेवणं, जॉबरमार्फत भरती करणं ही बाहेरून मागासलेपणा वाटणारी पद्धत त्यांना अपुऱ्या भांडवलात आणि बेभरवशाच्या बाजारात मालकांनी काढलेली वाट दिसली. एका इतिहासकाराचं हे पुस्तक व्यवस्थापनाच्या वाचनयादीत का असू नये, हे मला अजून कळलेलं नाही.

आणखी एक उणीव सांगते. मागावर उभा राहणारा माणूस २०१३ च्या पेपरमध्ये श्रमाचे तास म्हणून समीकरणात येतो, साक्षीदार म्हणून जवळपास येतच नाही. कोणता माग का अडतो हे त्याला बहुधा नोंदवहीच्या आधीपासून माहीत होतं. त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि सांगून त्याचा पगार वाढणार नव्हता. ही 'माहितीची कमतरता' असेल, तर ती कारखान्याच्या कोणत्या मजल्यावर होती?

हा नुसता शब्दांचा वाद नाही. अडचण अज्ञानाची ठरली, तर उपाय निघतो प्रशिक्षण, कार्यशाळा, सल्लागार. अडचण भरवशाची ठरली, तर उपाय निघतो चालणारी न्यायालयं, मॅनेजर टिकेल असा पगार आणि हुद्दा, मुलीच्या हातात किल्ल्या, कामगाराच्या बोलण्याला किंमत. पहिल्या यादीला निधी सहज मिळतो. दुसरी कुणाच्याच प्रकल्पात बसत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण लंडन, दुबई, न्यू जर्सीत बसून अशाच न पाहिलेल्या जागांचा डेटा चाळणार आहात. काही जण आत्ताही चाळत असाल. सर्व्हेच्या फाइलमध्ये 'जागरूकतेचा अभाव' नावाचा रकाना तुम्हाला हमखास भेटेल. त्यावर रिग्रेशन चालवण्याआधी दोन गोष्टी शोधून काढा. तो रकाना कुणी भरला? आणि ज्याच्याबद्दल भरला, त्याने त्या वेळी नेमकं काय उत्तर दिलं होतं? ते उत्तर फाइलमध्ये नसेल, तर रकान्याला 'कारण' म्हणू नका. 'सल्लागाराचं मत' म्हणा आणि अहवालातही तसंच लिहा.