शोण कोणाचा मुलगा?

रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाची पर्सी जॅक्सनवरील पहिली कादंबरी (२००५) नातवाने वाचायला दिली आणि मला ‘मृत्युंजय’ आठवली. आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक असताना, १९६७ साली ती प्रसिद्ध झाली. आमच्या वस्तीतल्या शाळकरी पोरांनी ती हातोहात वाचली. ‘सूतपुत्र’ म्हणून कर्णाचा भरसभेत झालेला अपमान आम्हांला आपलाच वाटला.

पर्सीही असाच हिणवलेला पोरगा. अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे नाचतात. शाळाशाळांतून त्याला काढून टाकतात. पुढे कळते, तो ग्रीकांच्या समुद्रदेवाचा, पोसायडनचा मुलगा. त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठीच घडलेला. कालचे वैगुण्य आज कुळाची खूण ठरते. कर्णाची कवचकुंडले याहून वेगळे काय सांगतात?

माझा आक्षेप येथेच आहे. या कथा अपमानालाच अन्याय म्हणत नाहीत. तो चुकीच्या माणसाचा झाला, एवढेच म्हणतात. मग ज्याच्या जन्मामागे कोणताही सूर्य नाही, त्याने काय करावे? ‘मृत्युंजय’मधला शोण, अधिरथ-राधेचा पोटचा मुलगा, हाच खरा सूतपुत्र. सावंतांनी त्याला निवेदक केले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पण शोण बोलतो ते मुख्यतः थोरल्या भावाविषयी. स्वतःच्या जिण्याचा हिशेब तो मागत नाही.

रायर्डन यांच्या कादंबरीत देवपुत्रांच्या छावणीला सीमा आहे. पर्सीला एकटीने वाढवणारी आई सॅली केवळ माणूस, म्हणून तिला ती ओलांडता येत नाही. ज्यांनी वेशीबाहेरून गाव पाहिले, त्यांना ही सीमा लगेच ओळखू येते. २००९ च्या पाचव्या भागात पर्सी अमरत्व नाकारतो आणि देवांनी आपली सगळी मुले ओळखावीत, असे मागतो. मागणी मोठ्या मनाची आहे. पण ती देवांच्या मुलांपुरतीच.

१९०२ साली ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांनी याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा घेतला. गंगारामांचा बाप कोणी गुप्त राजा निघाला, म्हणून नव्हे. ते माणूस होते, एवढे पुरले.

पुराणे नव्याने लिहावीत, जरूर लिहावीत. पण आमच्या पोरांसाठी लिहिणाऱ्याने शोणापासून सुरुवात करावी. आणि शेवटच्या पानावरही त्याचा बाप सारथीच राहू द्यावा.