‘माझा प्रवास’ आणि युद्धग्रस्त बुंदेलखंड : एक चिकित्सा

प्रस्तावना :
विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखिताधारे त्याची आवृत्ती काढली. मराठी समीक्षेने या ग्रंथाकडे प्रामुख्याने प्रवासवर्णन व राणी लक्ष्मीबाईंच्या चरित्राचे साधन म्हणून पाहिले. युद्धाने एका प्रदेशाचे काय केले, हा प्रश्न त्यामुळे मागे राहिला. प्रस्तुत लेखात त्या अंगाने ग्रंथाचे मोल व मर्यादा तपासल्या आहेत.

तटाच्या आत :
दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या हेतूने कोकणातील वरसईहून उत्तरेत गेलेले गोडसे मार्च-एप्रिल १८५८ मधील वेढ्याच्या वेळी झाशीत होते. ते सैनिक नव्हते आणि दरबारी इतिहासकारही नव्हते. म्हणूनच त्यांच्या लेखनात व्यूहरचनेपेक्षा जीव वाचविण्याची धडपड अधिक येते. इंग्रज फौज ३ एप्रिलला शहरात शिरल्यानंतरच्या कत्तली व जाळपोळ त्यांनी नोंदविल्या. सोन्याचांदीपासून सुरू झालेली लूट भांडी, कपडे आणि अखेर धान्यापर्यंत पोहोचते, हा तपशील विशेष बोलका आहे. धान्यच गेल्यावर लढाई थांबली तरी उपासमार थांबत नाही.

तटाच्या बाहेर :
गोडसे यांची दृष्टी मात्र वेढ्याच्या काळात स्वाभाविकपणेच तटाच्या आत राहते. शत्रूला चारा मिळू नये म्हणून झाशीच्या परिसरातील झाडे व गवत नष्ट करण्यात आल्याचे ब्रिटिश वृत्तांतांत आढळते. सर ह्यू रोज यांच्या फौजेची चारा-सरपणाची गरज शिंदे व ओरछा या संस्थानांनी भागविली. परंतु गुराढोरांवर जगणाऱ्या कुणब्यांना असा पुरवठा करणारे कोणी नव्हते. पुढे राणीच्या राजवटीत वसूल झालेला सारा इंग्रज अधिकाऱ्यांनी पुन्हा वसूल केला. त्यात १८६८-६९ च्या दुष्काळाची भर पडली. झाशी जिल्ह्यातील कर्जग्रस्त जमीनदारांसाठी १८८२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या हानीची लांबी लक्षात येते.

निष्कर्ष :
गोडसे यांच्या लेखनाचे सामर्थ्य त्यांच्या निःशस्त्र साक्षीत आहे. त्याची मर्यादा भिक्षुकी जीवनाच्या परिघात आहे. शहरातील आश्रयदाते, विद्या आणि ग्रंथसंपदा यांचा नाश त्यांना व्याकूळ करतो. खेड्यातील ओसाड शिवार त्या मानाने दूर राहते. ही उणीव लेखकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु वर्गात हा ग्रंथ केवळ पराक्रमाची पार्श्वभूमी म्हणून शिकविला गेल्यास ती उणीव अध्यापनाची ठरते. ‘माझा प्रवास’ महसुली दफ्तराशेजारी ठेवून वाचला, तरच १८५८ चे युद्ध झाशी पडल्याच्या दिवशी संपले नव्हते, हे विद्यार्थ्यांस उमगेल.