पाहणारे कोणी नसताना

आमच्या आजोळी, खानापूरच्या घरात, माजघराच्या दारावर एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तिचे काम संपले. पुढे ती खाली उतरवली गेली, तरी तिच्या दोन खुंट्या तेवढ्या भिंतीत राहिल्या. मामा त्या खुंट्यांना छत्री अडकवीत. शिकारीच्या गोष्टी ते रंगवून सांगत. हाकारे, मचाण, पहाटेचे धुके, सगळे त्यात असे. एक गोष्ट मात्र त्यांनी मला फार उशिरा सांगितली. एका रात्री पाणवठ्यावर चाहूल लागली, म्हणून त्यांनी अंधारातच बार काढला. कंदील नेऊन पाहिले तर रक्त पडले होते, भेकर मात्र नव्हते. रक्ताचा माग कारवीत शिरला होता. रात्र फार झाली होती, म्हणून ते परत आले. दुसऱ्या दिवशी ते गेलेच नाहीत. "कुणी बघितलं नव्हतं रे," एवढेच ते शेवटी म्हणाले.

ही आठवण निघाली ती एका पुस्तकामुळे. माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनला असतो. मागच्या खेपेस त्याने मला आल्डो लिओपोल्ड यांचे 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक आणून दिले. त्याच्या कचेरीतले निम्मे लोक हरणांच्या शिकारीला जातात आणि गेली काही वर्षे त्यांच्यात एकच भांडण चालू आहे. धनुष्याने शिकार करण्याचा जो खास हंगाम असतो, त्यात क्रॉसबो चालू द्यावा की नाही? भाचा म्हणाला, "मामा, दोन्ही बाजूंचे लोक याच माणसाचं नाव घेतात. तुम्हीच वाचून सांगा खरं कोणाचं." मी शिकारी नाही. वाचक म्हणून एका पुस्तकावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलो. त्या वाचनातून जे हाती आले, ते येथे मांडतो.

आधी वाद समजून घेतला पाहिजे. साध्या धनुष्याची दोरी शिकाऱ्याला स्वतःच्या बळावर ओढून धरावी लागते. हात थरथरण्याच्या आत नेम साधायचा असतो, आणि दोरी ओढण्याची ती हालचाल हरणाच्या नजरेस पडू शकते. क्रॉसबो म्हणजे बंदुकीच्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. त्याची दोरी एकदा ओढून खटक्यात अडकवली की ती तशीच राहते. मग दस्ता खांद्याला लावायचा, दुर्बिणीतून पाहायचे आणि घोडा दाबायचा. धनुष्याचा हंगाम बंदुकीच्या हंगामापेक्षा लांब असतो, आधी सुरू होतो आणि नर माजावर येतात ते दिवसही त्यात येतात. धनुर्धारी म्हणतात की ही सवलत अवघड हत्याराला मिळाली होती, सोप्या हत्याराने ती का घ्यावी? दुसरी बाजू म्हणते की खांदे गेलेल्या म्हाताऱ्याने, एका हाताने अधू असलेल्याने रानात बसायचेच नाही काय? शिवाय शिकारी कमी होत आहेत आणि पुष्कळ भागांत हरणे फार झाली आहेत. ओहायोने क्रॉसबोला फार पूर्वी वाट दिली. पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगन यांनी 2009 मध्ये ती रुंद केली. विस्कॉन्सिनमध्ये आधी वृद्ध आणि अपंग यांच्यापुरती मुभा होती. 2014 च्या हंगामापासून ती सर्वांना मिळाली.

येथे परंपरेचा दाखला दिला जातो. क्रॉसबो पहिल्यापासूनच बदनाम, 1139 च्या लॅटरन धर्मपरिषदेनेही त्यावर बंदी घातली होती, असे धनुर्धारी अभिमानाने सांगतात. बंदी होती हे खरे, पण ती ख्रिस्ती माणसांवर हे हत्यार चालवण्याविरुद्ध होती, आणि त्याच वाक्यात साध्या धनुर्धाऱ्यांचेही नाव आहे. दाखला देणारे निम्मेच वाक्य वाचतात.

आता पुस्तकांकडे वळू. अमेरिकेतील धनुष्याच्या शिकारीवरचे एक पायाभूत पुस्तक म्हणजे सॅक्सटन पोप यांचे 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो', 1923 चे. पोप सॅन फ्रान्सिस्कोतले शल्यविशारद होते. त्यांना ही विद्या कोणी शिकवली? इशी नावाच्या माणसाने. कॅलिफोर्नियातील याही जमात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या उपासमारीने संपली. त्यातला शेवटचा उरलेला हा माणूस 1911 मध्ये ओरोव्हिल गावाजवळ एकटा सापडला. त्याला विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आले. पोप त्याचे डॉक्टर झाले आणि मित्रही. 1916 मध्ये इशी क्षयाने गेला.

पोप यांच्या पुस्तकातला इशीवरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. शिकारीच्या आधी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात अंघोळ करून तो सुवासिक पाला अंगाला चोळी, म्हणजे माणसाचा वास लपावा. आणि पोप एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतात. इंग्रजी पद्धतीने दूरच्या ठरलेल्या लक्ष्यावर बाण मारण्यात इशी काही विशेष नव्हता, शिष्य त्याच्या पुढे गेला. पण दहा-वीस यार्डांवरून, झुडपाआडून, तो नेमका होता. म्हणजे इशीचे कौशल्य जवळ जाण्यात होते. शिष्याने कौशल्य घेतले ते लांब मारण्याचे. 1920 मध्ये पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग यलोस्टोनला गेले आणि एका संग्रहालयासाठी त्यांनी ग्रिझली अस्वले बाणांनी मारली. ती प्रकरणे वाचताना लेखकाचे धाडस जाणवते, पण इशीची शिस्त त्यांत कोठे गेली, असा प्रश्न पडतो. पुस्तकाचा हा दोष मला मोठा वाटतो. गुरूविषयी लेखकाला प्रेम आहे, परंतु गुरूची जी खरी शिकवण होती ती त्याने गुणविशेष म्हणून नोंदवली, नियम म्हणून घेतली नाही.

या दोघांच्या नावाने 1961 मध्ये 'पोप अँड यंग क्लब' निघाला. हा क्लब क्रॉसबोने केलेली शिकार आपल्या नोंदवहीत घेत नाही. चक्रे बसवलेले कंपाउंड धनुष्य मात्र चालते. त्याचे पेटंट हॉलिस विल्बर ॲलन यांना 1969 मध्ये मिळाले. त्यात दोरी पूर्ण ओढली की चक्रांमुळे हातावरचा भार एकदम कमी होतो, आणि नेम धरून बराच वेळ थांबता येते. पोप यांनी असले धनुष्य कधी पाहिले नव्हते. तेव्हाही 'हे धनुष्यच नव्हे' असे जुने लोक म्हणाले होतेच. म्हणजे परंपरेची रेघ ज्याच्या त्याच्या हत्यारापाशी येऊन थांबते.

ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाने 1942 मध्ये लिस्बनला असताना एका मित्राच्या शिकारीच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. ती इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक म्हणून आली. तिचा गाभा असा: माणसाची हत्यारे जसजशी प्रबळ झाली, तसतशी त्याने स्वतःवर बंधने घालून घेतली, कारण जनावराला निसटण्याची काहीच संधी उरली नाही तर ती शिकारच राहत नाही, नुसता नाश होतो. विचार देखणा आहे. पण ओर्तेगा बाहेरून, विचारवंताच्या खुर्चीतून बोलतात. जनावराला संधी द्यायची म्हणजे नेमके काय? ते निसटून जाण्याची संधी की जखमी होऊन निसटण्याची? या दोहोंतला फरक त्यांनी उलगडलेला नाही, आणि सारे नीतिशास्त्र तर त्या फरकातच आहे.

या ठिकाणी थोडे गणित मांडतो. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याचे पाते कापते आणि जनावर रक्तस्रावाने मरते. नेम चांगला लागला तर काही क्षणांत, वाईट लागला तर तासांनी, दुसऱ्या दिवशी किंवा कधीच नाही. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे 300 फूट जातो. आवाज जातो सुमारे 1,100 फूट. चाळीस यार्डांवर, म्हणजे 120 फुटांवर, हरण उभे असेल तर दोरीचा आवाज त्याच्यापर्यंत बाणाच्या आधी पोचतो, आणि मध्ये सेकंदाचे जवळजवळ तीन दशांश मिळतात. दचकलेले हरण तेवढ्यात खाली दबते. बाण फुप्फुसाऐवजी पाठीत किंवा पोटात बसतो. आता 400 फुटांच्या वेगाचा क्रॉसबो घ्या आणि दुर्बिणीच्या भरवशावर ऐंशी यार्डांवरून मारा. हरणाला मिळणारा वेळ सेकंदाच्या चार दशांशांवर जातो. हत्यार वेगवान झाले, नेम सोपा झाला आणि जखमी करण्याची शक्यता वाढली. तोच क्रॉसबो वीस यार्डांवरून चालवला तर तो बहुधा साध्या धनुष्यापेक्षा दयाळू ठरेल. तेव्हा प्रश्न अंतराचा आहे, आणि अंतर कोणत्याही परवान्यावर लिहिता येत नाही.

लिओपोल्डना हे कळले होते. ते स्वतः धनुष्ये घडवीत. त्यांच्या पत्नी एस्टेला राज्यात नावाजलेल्या तिरंदाज होत्या. 1934 मध्ये विस्कॉन्सिनने धनुष्याचा हंगाम प्रथम सुरू केला तो ज्या दोन परगण्यांत, त्यांतल्या सॉक परगण्यातच पुढच्या वर्षी लिओपोल्डनी आपली पडीक शेतजमीन घेतली. त्यांच्या पुस्तकातील अमेरिकन संस्कृती आणि वन्यजीव यांवरचा निबंध या वादाला थेट भिडतो. विकत घेतलेल्या साधनांनी शिकारीतले संस्कार कसे झिजतात ते त्यांनी सांगितले आहे, आणि धनुष्याच्या पुनरुज्जीवनाकडे त्यावरची प्रतिक्रिया म्हणून पाहिले आहे. येथपर्यंत ते क्रॉसबोविरोधकांचे साक्षीदार. पण लगेच ते कबूल करतात की आपणही कारखान्यात बनलेली साधने वापरतो, आणि मर्यादा कोठेतरी असली पाहिजे एवढेच आपण म्हणू शकतो. रेघ त्यांनी ओढलेली नाही. अनेकांना हा त्यांचा कमकुवतपणा वाटतो, मला तो त्यांचा प्रामाणिकपणा वाटतो. त्याच निबंधात त्यांचा खरा मुद्दा आहे: इतर खेळांना प्रेक्षक असतात, शिकाऱ्याला नसतात. टाळी वाजवणारे किंवा छी-थू करणारे कोणी नसताना तो जे करतो, ते फक्त त्याची सदसद्विवेकबुद्धी पाहते.

या ठिकाणी मला मामा आठवले. त्यांच्या हातात होती ठासणीची बंदूक, एका वेळी एकच बार देणारी. जुने, संथ, अवघड हत्यार. धनुर्धारी ज्या गुणांचा गौरव करतात ते सगळे तिच्यात होते, तरी भेकर कारवीत गेलेच. अंधारात आवाजावर बाण सोडणाऱ्या दशरथाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिथेही दोष धनुष्याचा नव्हता, न पाहता सोडण्याचा होता.

पण लिओपोल्ड यांच्याविषयी एक तक्रार नोंदवल्याशिवाय हे टिपण पुरे होणार नाही. त्यांच्या पुस्तकातला सर्वांत गाजलेला प्रसंग लांडगीचा आहे. तरुणपणी ते आणि त्यांचे सोबती कड्यावरून लांडग्यांच्या कळपावर रायफली रिकाम्या करतात. म्हातारी लांडगी पडते. ते जवळ जातात आणि तिच्या डोळ्यांतली हिरवी आग विझताना पाहतात. त्या क्षणाने आपले विचार बदलले, असे ते सांगतात. जगभर हा प्रसंग सांगितला जातो. परंतु त्याच जागी आणखी एक पिल्लू आहे. एक पाय ओढत ते खडकांच्या घसरणीत शिरते, जेथे माणसाला जाता येत नाही. एका अर्ध्या वाक्यात ते येते आणि जाते. लेखक पुन्हा त्याचे नाव काढत नाही.

लांडगीचे डोळे लेखकाने पाहिले, म्हणून ती अमर झाली. पिल्लाचे मरण कोणी पाहिले नाही. लिओपोल्ड डोंगराच्या, कळपाच्या, साऱ्या भूमीच्या हिताने विचार करतात, आणि ती दृष्टी थोर आहे यात वाद नाही. पण त्या विशाल दृष्टीत एकेकट्या जखमी जिवाला जागा अपुरी पडते. ज्या लेखकाने 'पाहणारे कोणी नसते' हे इतके नेमके सांगितले, त्याच्याच पानावर न पाहिलेले ते पिल्लू निसटून जावे, हे मला या पुस्तकातले सर्वांत बोलके मौन वाटते.

भाच्याला मी पत्र लिहिले. खरे कोणाचे, याचे उत्तर पुस्तकांत नाही असे कळवले. खांदे गेलेल्या माणसाने खटक्याचे धनुष्य घेऊन झाडावर बसावे, त्यात मला अनीती दिसत नाही. त्याच्या सहकाऱ्यांनी एकमेकांना हत्याराविषयी विचारण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: किती अंतरावरून मारलेस, किती वेळा न मारता परत आलास, आणि रक्ताचा माग कोठपर्यंत गेलास.

मामांना हे पुस्तक वाचून दाखवायचे राहून गेले. आजोळचे घर आता मामेभावाकडे आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा भिंतीला नवा रंग दिलेला होता. त्या दोन खुंट्या मात्र त्याने काढलेल्या नाहीत.