तहनाम्याचे वाचन : एडन आणि सातारा, १८३९

बखरी आणि ऐतिहासिक पत्रव्यवहार ह्यांना मराठी समीक्षेने वाङ्मयाच्या पंक्तीला बसविले, त्याला आता पुष्कळ काळ लोटला. बखरीच्या गद्याचे वळण, पेशवेकालीन पत्रांतील संयम आणि सूचकता, वकिलांच्या बातमीपत्रांतील व्यक्तिदर्शन ह्यांविषयी आपल्याकडे साक्षेपाने लिहिले गेले आहे. तहनामा मात्र आपण इतिहासकाराच्या हवाली करून मोकळे झालो. दिल्लीत द्वारका येथे मराठी वाचकांच्या एका लहानशा बैठकीत साताऱ्याच्या प्रकरणावर बोलणे चालले असता एका वयोवृद्ध गृहस्थांनी विचारले की, ज्या कागदावर दोन्ही पक्षांची मोर्तबे आहेत त्याचा अर्थ एकच पक्ष कसा काय ठरवू शकतो? प्रश्न साधा होता. परंतु तो कायद्याइतकाच वाङ्मयसमीक्षेचाही आहे. शब्दाचा अर्थ कोणी, कोणत्या अधिकाराने लावावयाचा, हाच आपल्या व्यवसायाचा मूळ प्रश्न नव्हे काय?

ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा तर १८३९ हे साल विशेष सोयीचे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबई सरकारने अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील एडन बंदर लाहेजच्या सुलतानांकडून जिंकून घेतले. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना पदच्युत केले. साताऱ्याची कथा आपल्याला पाठ आहे. एडन मात्र मराठी वाचकाला बहुधा वासुदेव बळवंत फडके ह्यांच्या कारावासापुरतेच ठाऊक असते. ही दोन्ही प्रकरणे एकाच दरबाराने हाताळली. म्हणून त्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

एडनची हकिकत थोडक्यात अशी. मुंबई आणि सुएझ ह्यांच्या दरम्यान धावणाऱ्या आगबोटींना कोळसा भरण्यासाठी मधले ठाणे हवे होते. १८३० साली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली, तेव्हाच ती कोळशासाठी एडनला थांबली होती. पुढे १८३७ मध्ये इंग्रजी निशाण लावलेले 'दर्या दौलत' हे गलबत यात्रेकरूंसह एडनजवळ फुटले. मालाची लूट झाली आणि प्रवाशांची विटंबना झाली. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट ह्यांनी कंपनीच्या आरमारातील कॅप्टन स्टॅफर्ड बेट्सवर्थ हेन्स ह्याला भरपाई मागण्यास धाडले. मागणी बारा हजार डॉलरांची होती. त्याच फेरीत बंदर मिळविण्याची बोलणी करण्याचे कामही त्याच्याकडे होते. अपराधाचा जाब आणि खरेदीचा प्रस्ताव हे दोन्ही एकाच जहाजातून, एकाच माणसाच्या तोंडून आले, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

१८३८ च्या जानेवारीत सुलतान मुहसिन बिन फद्ल ह्यांच्या मुद्रेचे एक पत्र हेन्सच्या हाती पडले. सालिना ८,७०० डॉलरांच्या मोबदल्यात थोड्या अवधीने एडन स्वाधीन करावे, असा त्याचा आशय होता. हे डॉलर म्हणजे त्या किनाऱ्यावर चालणारे मारिया थेरेसाचे चांदीचे नाणे. एडनमधील आपल्या प्रजेवरील अधिकार आपल्याकडेच राहावा, असा सुलतानांचा आग्रह होता, आणि तो मुद्दा निकालात निघालेला नव्हता. इतक्यात सुलतानांचे पुत्र हमीद ह्यांनी हेन्सला कागदांसह पकडण्याचा बेत केल्याची वार्ता आली, आणि हेन्स पत्र घेऊन मुंबईस परतला. ऑक्टोबरात तो पुन्हा एडनसमोर उभा राहिला. बंदर मिळेना, तेव्हा नाकेबंदी झाली. आणि 'व्होलेज' व 'क्रूझर' ही लढाऊ जहाजे व मुंबईचे सैन्य येऊन पोहोचल्यावर १९ जानेवारी १८३९ रोजी गाव हस्तगत करण्यात आले. त्या वेळी तेथे जेमतेम सहाशे माणसांची वस्ती होती.

एडनच्या निवासी कचेरीत काम केलेल्या आर. एल. प्लेफेअर ह्याचा येमेनचा इतिहास १८५९ साली मुंबईतच छापला गेला. त्या ग्रंथात, आणि एकंदर सरकारी परंपरेतील कथनात, १८३८ चे ते पत्र कथेचा खांब होऊन बसते. त्याच्या आधीचे सारे 'वाटाघाट' ठरते आणि त्याच्या नंतरचे सारे 'विश्वासघात'. कथनाची ही मांडणी किती गोष्टी झाकते ते पाहावे. पत्र लिहिले गेले तेव्हा बंदरात सशस्त्र जहाज उभे होते. भरपाईचे दडपण मानेवर होते. अधिकाराचे कलम अपुरे होते. आणि राजकुलात ह्या व्यवहाराविषयी एकवाक्यता नव्हती. आपल्याकडे कागदाला मथळ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब असे. मजकूर पुरा झाला, यापुढे काही वाढविता येणार नाही, ही मोर्तबाची खूण. एडनच्या व्यवहारात मुद्रा होती, पण मजकूर पुरा झालेला नव्हता. सरकारने मुद्रा वाचली आणि मजकुराचा अपुरेपणा वाचला नाही.

अशा मागणीला दुसरे उत्तर देणे शक्य होते, हे सोकोत्रा बेटावरून दिसते. १८३५ च्या सुमारास कंपनीने हे बेट किश्नच्या सुलतानांकडून विकत मागितले, आणि सौदा होण्यापूर्वीच तेथे फौजही उतरविली. सुलतान वृद्ध आणि अंध होते. हे बेट ईश्वराने महरा लोकांना दिलेले आहे, ते वाडवडिलांकडून आले आणि पुढल्या पिढ्यांकडे जावयाचे आहे, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी विक्री नाकारली. तापाने हैराण झालेली फौज अखेर परत न्यावी लागली. 'विक्री' ही कल्पनाच त्यांनी स्वीकारली नाही, त्यामुळे वाद घालण्यास कागदच उरला नाही. आपल्या परंपरेतही हे शहाणपण होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी जे प्रकरण आहे, त्यात त्यांना वखारीसाठी जागा देणे भागच पडले तर ती समुद्रतीरी वा खाडीच्या मुखाशी देऊ नये, असा स्पष्ट इशारा आहे. लाहेजच्या सुलतानांपुढे जो प्रसंग आला, त्याचे वर्णन अमात्यांनी शतकाहून अधिक काळ आधी करून ठेवले होते.

एडन पडल्यानंतर जून १८३९ मध्ये सुलतानांशी नवा तह झाला. त्यात त्यांना व त्यांच्या वारसांना सालिना सुमारे साडेसहा हजार डॉलर द्यावयाचे ठरले. रक्कम घटली, एवढेच ह्यात नाही. पहिल्या पत्रात पैसा हा बंदराचा मोबदला होता. दुसऱ्या कागदात तो नेमणूक झाला. मोबदला घेणारा विक्रेता बरोबरीचा असतो. नेमणूक खाणारा आश्रित असतो, आणि ती त्याच्या वर्तनावर अवलंबून राहते. त्या वर्षाअखेर आणि १८४० मध्ये अरबांनी एडनवर हल्ले केले, तेव्हा नेमणूक बंद पडली आणि पुढे समेट झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. 'दोस्ती' हा शब्द कागदावर कायम होता. बदलला होता तो तिच्यामागील नात्याचा अर्थ.

आता साताऱ्याकडे वळू. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंहांना राज्य मिळाले. पण रेसिडेंटाच्या द्वारे असेल त्याखेरीज कोणत्याही परक्या सत्तेशी व्यवहार ठेवावयाचा नाही, ह्या कलमासह मिळाले. १८३६ मध्ये पलटणीतील सुभेदारांना फितविल्याचा आरोप झाला. मागाहून गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोप जोडले गेले. राजमुद्रेचे म्हणून सांगितलेले कागद पुराव्यात आले, आणि ते अस्सल की बनावट हा वाद लंडनपर्यंत गेला. पुरावा पाहून उत्तर देण्याची पुरती संधी मिळाली नाही, ही महाराजांची तक्रार अखेरपर्यंत होती. १८३९ च्या ऑगस्टात गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. तहाचा भंग झाल्याचे लिहून द्यावे, म्हणजे मागले विसरले जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतापसिंहांनी सही केली नाही आणि गादी गमावली. त्यांची रवानगी काशीस झाली, आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. लाहेजचे सुलतान मुहसिन हेही त्याच वर्षी वारले.

एडनला मुद्रा होती, म्हणून ती बंधनकारक मानली गेली. साताऱ्यास मुद्रा संशयास्पद होती, तरी ती अपराधाची खूण मानली गेली. दोन्हीकडे निर्णायक ठरला तो कागद नव्हे, कागद वाचण्याचा अधिकार. साताऱ्यात तर महाराजांकडून मागितली गेली ती भूमी नव्हे. सरकारने लावलेला अर्थ मान्य असल्याची सही मागितली गेली. आपल्या वाचनावर दुसऱ्याची सही घेणे, हीच ह्या राजनीतीची अखेरची पायरी होय.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो योग्यच आहे. फुटलेल्या गलबताची लूट खोटी नव्हती; प्रवाशांचे हाल खोटे नव्हते; हेन्सला पकडण्याच्या बेताचा पुरावा सरकारपाशी होता. सुलतानांना निरागस ठरविण्याची आवश्यकता नाही. आपल्या साताराविषयक लेखनात नेमका हाच दोष राहून गेला आहे. बामनदास बसूंचे इंग्रजी पुस्तक (१९२२) आणि प्रबोधनकार ठाकरे ह्यांचा 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' (१९४८) ह्यांचे ऋण मोठे आहे. विस्मृतीत गेलेला अन्याय त्यांनी उजेडात आणला. परंतु त्यांचा पवित्रा वकिलाचा आहे. आरोपपत्राला त्यांनी प्रत्यारोपपत्राने उत्तर दिले. वकिलाला अशिलाचे चारित्र्य सिद्ध करावे लागते; समीक्षकाला तसे करण्याचे कारण नाही. राजा दोषी असो वा निर्दोष, त्याच्या कागदाचा अर्थ फिर्यादीनेच न्यायाधीश होऊन लावावा, हे अयोग्य आहे. आणि तेवढेच दाखविणे हे समीक्षेचे काम आहे.

अशा वाचनाचा दुसरा लाभ असा की, ते आपल्यालाही सोडत नाही. साताऱ्याच्या प्रकरणात मराठी वाचक पीडितांच्या बाजूला असतो. एडनच्या प्रकरणात तो तितका निर्धास्त राहू शकत नाही. ज्या सैन्याने एडन घेतले ते मुंबई इलाख्याचे होते, त्यात देशी शिपाई होते. आणि १९३२ पर्यंत त्या बंदराचा कारभार मुंबईशी जोडलेला होता. लाहेजच्या अब्दली घराण्यातील अहमद फद्ल ह्यांनी आपल्या राजकुलाचा आणि एडनचा इतिहास अरबीत लिहून ठेवला आहे. मुंबईच्या दफ्तरातील कागदांशेजारी तो ठेवून वाचणारा मराठी अभ्यासक निघाला, तर रंगो बापूजी लंडनमध्ये जे मागत होते, म्हणजे दुसऱ्या बाजूचे ऐकून घेतले जावे, ते आपण एका परक्या राजाला दिल्यासारखे होईल.

हेन्सचा शेवटही ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पंधरा वर्षे एडनचा कारभार पाहिल्यावर १८५४ मध्ये त्याच्या हिशेबांत तूट निघाली. अफरातफरीच्या आरोपातून मुंबईच्या ज्यूरीने त्याला मुक्त केले. तरीही तुटीची रक्कम सरकारी देणे मानून त्याला सुमारे सहा वर्षे मुंबईच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १८६० साली सुटका झाल्यावर थोड्याच दिवसांत मुंबई बंदरात जहाजावरच त्याला मृत्यू आला. सुलतानांचा कागद ज्या सरकारच्या वतीने त्याने वाचला, त्याच सरकारने त्याचे हिशेब आपल्या सोयीने वाचले. पुढे त्याच एडनच्या बंदिवासात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वासुदेव बळवंतांनी देह ठेवला. फडक्यांचे चरित्र वाचताना एडन हे आपल्याला केवळ एका दूरच्या तुरुंगाचे नाव वाटते. ते बंदर ज्या पत्राच्या बळावर मागितले गेले त्या पत्रापासून वाचन सुरू केले, तर साताऱ्याचा तह आणि फडक्यांची कोठडी ही एकाच दफ्तराची पाने असल्याचे दिसून येईल.